उडती पिसू आणि घरची पेटी

रोह्याच्या पुलावर उभे राहिले म्हणजे खालून कुंडलिका वाहताना दिसते. एका काठाला रोहा, दुसऱ्या काठाला अष्टमी. पण नावे घ्यायची ती मात्र जोडीनेच, ‘रोहे-अष्टमी’ अशी. ही नदी पश्चिमेला जाता जाता रुंद होते, तिची खाडी होते आणि रेवदंड्यापाशी ती समुद्राला मिळते. त्या मुखाच्या एका बाजूला रेवदंड्याचा कोट आहे, दुसऱ्या बाजूला कोर्लईचा डोंगर. दोन्ही ठिकाणी पोर्तुगीज नांदले. रेवदंड्याच्या कोटाचे काम त्यांनी १५२१ साली निजामशाहीच्या संमतीने सुरू केले, आणि १७४० साली ही ठाणी मराठ्यांच्या हाती आली. मधली वर्षे झाली दोनशे एकोणीस.

या दोनशे एकोणीस वर्षांचा हिशेब इतिहासकारांनी तोफा, तह आणि जकात यांत मांडला आहे. मला तो आज गाण्यात मांडून पाहायचा आहे. कारण याच पोर्तुगीजांच्या भाऊबंदांनी पुढे जगाला एक हातभर लांबीचे, चार तारांचे वाद्य दिले. आता ते मुंबई-पुण्याच्या दुकानांत सर्रास मिळते आणि सुट्टीत पेण-रोह्याला येणारी मुले ते काखोटीला मारून गाडीतून उतरतात. त्याचे नाव युकुलेले.

या वाद्याची कुळकथा मोठी गमतीची आहे. आफ्रिकेच्या वायव्येला अटलांटिक महासागरात मदेरा नावाचे पोर्तुगीज बेट आहे. तेथे ‘मशेत’ नावाची चिमुकली गिटार वाजत असे. पॅसिफिकमधल्या हवाई बेटांवर उसाच्या मळ्यांसाठी मजूर हवे होते, म्हणून मदेराची चारशेवर माणसे ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाच्या जहाजात बसली आणि २३ ऑगस्ट १८७९ रोजी होनोलुलूला उतरली. त्यांत मानुएल नुनिश, आउगुस्तो दियाश आणि जुझे दु इश्पिरितु सांतु असे तिघे सुतारकाम जाणणारे होते. मळ्यातली मुदत संपल्यावर त्यांनी लाकूडकामाची दुकाने थाटली आणि मशेतीच्या धर्तीवर तेथल्याच लाकडाची वाद्ये घडवली. तेथला राजा कलाकौआ याला ती आवडली आणि दरबारात त्यांना मान मिळाला. हवाई भाषेत ‘उकु’ म्हणजे पिसू आणि ‘लेले’ म्हणजे उडी. वाजवणाऱ्याची बोटे तारांवर पिसवेसारखी उड्या मारतात म्हणून हे नाव पडले, असे लोक सांगतात. राणी लिलिउओकलानी हिला मात्र हा अर्थ रुचत नसे. ‘इकडे चालत आलेली देणगी’ असा ती त्या शब्दाचा अर्थ लावी. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात हवाईचे गाणे-बजावणे झाले आणि तिथून ही पिसू साऱ्या अमेरिकेत उडाली.

माझ्या पेणच्या घरी ती उडाली ती माझ्या नातीबरोबर. कोपऱ्यात वडिलांची पेटी, आणि पेटीच्या झाकणावर हे खेळणे! नातीने चार आकृत्या पाठ केल्या होत्या. कोणते बोट कोठे ठेवायचे ते तिला येत होते. तिची अडचण वेगळीच होती. ती म्हणाली, “आजोबा, या चार कॉर्ड मला वाजवता येतात. पण त्या एकमेकींच्या कोण लागतात?”

प्रश्न मला फार आवडला. नाते कळले की नावे आपोआप ध्यानात राहतात, हा माणसांचा नियम स्वरांनाही लागू आहे. मी पेटी उघडली. तेव्हा तिला जे सांगितले तेच वाचकांनाही सांगतो. घरात पेटी असेल तर शेजारी घेऊन बसावे.

पेटीची पांढरी एक हा सा धरा. युकुलेलेच्या तारा, वाजवणाऱ्याच्या हनुवटीजवळच्या तारेपासून खाली, अशा लावतात: पांढरी पाच, पांढरी एक, पांढरी तीन, पांढरी सहा. म्हणजेच प, सा, ग, ध. यातला प मंद्रातला नाही, सा-ग यांच्या वरचा आहे. पहिलीच तार उंच आणि मग एकदम खाली, ही रचना पाहून नवख्याला चमत्कारिक वाटते. पण आपल्या तंबोऱ्याच्या तारा तरी कुठे जिन्यासारख्या ओळीने चढतात? पहिली मंद्र पंचमाची, मग जोडीच्या दोन, आणि शेवटी सगळ्यांत खालचा खर्ज. युकुलेलेच्या चारही तारा मोकळ्या छेडल्या की प सा ग ध ऐकू येतात. त्यांत रे तेवढा मिळवला की भूपाचे पाचही स्वर पुरे झाले!

आता कॉर्ड म्हणजे काय? तीन किंवा अधिक स्वर एकाच वेळी वाजवणे. आपण तिला मेळ म्हणू. जुन्या ग्रंथांत थाटालाही मेल म्हणत, तो अर्थ येथे नको. मेळ करण्याची रीत सोपी आहे. एक स्वर घ्यावा, पुढचा सोडावा, त्यापुढचा घ्यावा, पुन्हा एक सोडावा, पुन्हा एक घ्यावा. सा पासून सुरुवात केली तर सा-ग-प. म पासून केली तर म-ध-सा. प पासून केली तर प-नी-रे. हे तीन मेळ कागदावर लिहून त्यांतले स्वर मोजा. सा, रे, ग, म, प, ध, नी असे सातही स्वर त्यांत येऊन जातात. शुद्ध स्वरांच्या साध्या गाण्यातला कोणताही स्वर आला तरी त्याला यांपैकी कोणाचा तरी आधार मिळतो. तीन मेळांवर माणूस आयुष्यभर गाणी वाजवत बसतो, त्याचे गमक हे आहे.

चौथा मेळ ध पासून: ध-सा-ग. याचा स्वभाव वेगळा आहे. पेटीच्या काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजल्या तर सा पासून ग चार पावलांवर आणि ग पासून प तीन पावलांवर आहे. ध पासून सा मात्र तीन पावले आणि सा पासून ग चार. एकूण पावले सातच. पण मोठी चाल आधी आली की मेळ उजळ वाटतो आणि लहान चाल आधी आली की त्याला हुरहुरीची छटा येते.

बोटांचे काम त्याहून सोपे. सा-मेळासाठी एकच बोट लागते. ध च्या तारेवर तिसऱ्या पडद्याशी ते ठेवले की ती तार वरचा सा बोलते. ध-मेळालाही एकच बोट: प ची तार दुसऱ्या पडद्याशी दाबली की तिचा ध होतो. हे बोट न उचलता ग च्या तारेवर पहिल्या पडद्याशी दुसरे बोट टेकले की ग चा म झाला, आणि म-मेळ तयार! प-मेळाला तीन बोटे लागतात: सा ची तार दुसऱ्या पडद्याशी (रे), ग ची पहिल्या पडद्याशी (म), ध ची दुसऱ्या पडद्याशी (नी). प ची तार मोकळी. चाणाक्ष वाचकाच्या लक्षात येईल की या मेळात म हा पाहुणा आहे. प-नी-रे च्या पुढचा आणखी एक स्वर सोडून तो आला आहे. पण तो उगाच आलेला नाही. नी ला वरच्या सा ची ओढ आहे आणि म ला खालच्या ग ची. ही दोन ओढाळ गुरे एका दावणीला बांधली की मेळ जागेवर ठरत नाही, घराकडे धावतो. सा-मेळ वाजला की तो निवतो.

आता नाती. सा-मेळ हे घर. ध-मेळ हा घरातलाच. सा आणि ग हे दोन स्वर दोघांत सामाईक. ध-मेळ आणि म-मेळ यांत ध आणि सा सामाईक. म-मेळ आणि प-मेळ यांना तो पाहुणा म जोडतो. आणि प-मेळाला सा-मेळाशी प जोडतो. गौरीच्या फेरात प्रत्येकीचा एक हात मागचीच्या हातात आणि एक पुढचीच्या हातात असतो, तसा हा फेर आहे: सा, ध, म, प आणि पुन्हा सा. प्रत्येक मेळावर चार चार ठोके देत फिरा. ‘अरे, हे तर ऐकलेले आहे!’ असे घरातले कोणीतरी म्हणेलच. १९५० च्या दशकातली कितीतरी पाश्चात्त्य गाणी याच फेरावर उभी आहेत.

नातीचे समाधान झाले. पण मुले एका प्रश्नावर थांबत नाहीत. तिने विचारले, “एवढे सोपे आहे, तर तुम्ही पेटीवर हे का वाजवत नाही? पेटीवर तर दहा बोटे चालतात.”

हा प्रश्न मात्र इतिहासाचा होता. स्वरमेळ आमच्या दाराशी आज पहिल्यांदा आलेला नाही. तो निदान तीनदा येऊन गेला आहे.

पहिल्यांदा आला तो रेवदंड्याच्या खाडीने. कोटात डोमिनिकन, फ्रान्सिस्कन आणि जेझुइट पंथांची मंदिरे होती. त्यांच्या उंच भिंती नारळी-पोफळींच्या वाड्यांत आजही उभ्या आहेत. सोळाव्या शतकातले युरोपातले धर्मसंगीत म्हणजे अनेक कंठांनी एकाच वेळी वेगवेगळे स्वर गाण्याची विद्या. गोव्यात ती चर्चच्या शाळांतून मुलांना शिकवली गेली आणि तिथल्या मांड्यापर्यंत झिरपली. कोर्लईत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली बोली आजही घरांतून बोलली जाते. आमच्याही तोंडी त्यांचे शब्द बसले. चावी आली, पगार आला, बटाटा आला, घमेले आले. पण स्वरमेळ खाडीतून वर सरकून रोह्याच्या भजनात शिरला नाही.

दुसऱ्यांदा तो आला पेटीतून. हार्मोनियम हे वाद्य पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ याने १८४० च्या सुमारास सिद्ध केले. ते पायाने चालवायचे असे. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी पुढे त्याला हाताचा भाता दिला आणि जमिनीवर बैठक मारून वाजवण्याजोगे केले. नाटकांतून, कीर्तनांतून, भजनांतून ते महाराष्ट्रात घरोघर गेले. हा तर नखशिखान्त स्वरमेळाचा कारखाना. त्याचा जन्मच त्यासाठी. आणि आम्ही काय केले? उजव्या हाताने गवयाच्या गळ्यामागे एकेरी चालत राहिलो, डाव्या हाताने भाता ओढत राहिलो, आणि जोडीला फार तर सा-प धरून ठेवला. परक्या यंत्राची आम्ही सारंगी केली!

याच काळात आमच्या मुलखातली एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. पेणकर, रोहेकर, अष्टमकर ही आडनावे बेने इस्रायली मंडळींतही आहेत. गावांची नावे त्यांनी अंगाखांद्यावर घेतली. १८८० च्या सुमारास मुंबईत या समाजाने मराठी कीर्तन सुरू केले. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यातले अग्रणी. कथा योसेफाची, अब्राहमाची. पण वृत्ते साकी, दिंडी, ओवी आणि अभंग. धर्म निराळा, ग्रंथ निराळा, पण गाण्याची बैठक शेजाऱ्याचीच. पुढे यांतली बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली आणि मराठी गाणे बरोबर घेऊन गेली.

तिसऱ्यांदा स्वरमेळाला वाट मिळाली असती ती बुलबुलतरंगाने. १९१२ साली जपानात नागोयाला ‘ताइशोगोतो’ नावाचे टंकयंत्रासारख्या कळांचे तंतुवाद्य निघाले. तेच हिंदुस्थानात येऊन बुलबुलतरंग झाले. आमच्या आगरी-कोळी वस्त्यांत त्याला बेंजो म्हणतात. गणपतीच्या मिरवणुकीत आणि हळदीला त्याच्याशिवाय पान हलत नाही. विजेच्या जोरावर तो अर्धा कोस ऐकू जातो. पण त्यावरही वाजते ती एकेरी चाल.

तीन वेळा वाद्य घरात घेतले आणि तीनही वेळा स्वरमेळ उंबऱ्याबाहेर ठेवला. हा आमचा अडाणीपणा होता काय? मला तसे वाटत नाही. सा, म आणि प यांचे नाते आम्हाला ठाऊक नव्हते असे थोडेच आहे! भरताच्या नाट्यशास्त्रात नऊ आणि तेरा श्रुतींच्या अंतरावरचे स्वर संवादी म्हटले आहेत. सा पासून म नऊ श्रुतींवर आणि प तेरा श्रुतींवर. युकुलेलेचे तीन मुख्य मेळ ज्या तीन पायांवर उभे आहेत, ते पाय आमच्या शास्त्राने दीड हजार वर्षांहून आधी मोजून ठेवले होते. तंबोऱ्याची पहिली तार आजही प ला किंवा म ला लावतात, ती त्याच हिशेबाने.

फरक आहे तो जमिनीचा. स्वरमेळाच्या संगीतात पायाखालची जमीन बदलते. घटकेत सा वर उभे, घटकेत म वर, घटकेत प वर. गंमत सगळी त्या जाण्यायेण्यात. आमच्या गाण्यात सा जागचा हलत नाही. तंबोरा एकच गोष्ट सांगत बसतो आणि प्रत्येक स्वर त्या एका सा शी आपले नाते सांगत येतो. खालची जमीनच सरकू लागली तर कोमल रिषभ नेमका किती कोमल, हे गवयाने कोणाकडे पाहून ठरवायचे?

शिवाय जमीन बदलण्याची किंमत मोजावी लागते. कोणत्याही पट्टीला घर करता यावे म्हणून पेटीचे आणि युकुलेलेचे बारा स्वर सारख्या अंतरावर बसवले आहेत. त्यात प जवळजवळ शुद्ध राहतो, पण ग तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाने चढा होतो. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले, न्यायाधीश क्लेमेंट्स त्यांच्या जोडीला आले आणि श्रुतींची पेटी करवण्याचा खटाटोप झाला, तो या कारणाने. १९४० साली आकाशवाणीने पेटीला दार बंद केले, त्यामागेही हीच तक्रार होती. ती बंदी १९७१ पर्यंत चालली. गावोगावची भजने मात्र पेटीवरच रंगत राहिली, हे सांगायला नको.

मग स्वरमेळ आमच्या कानांत शिरला कोठून? पडद्यावरून. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ हा पहिला हिंदी बोलपट लागला. ज्या नाटकावरून तो निघाला त्याचे लेखक जोसेफ डेव्हिड, आडनाव पेणकर! त्या वेळची साथ अगदी मोजक्या वाद्यांची होती. पण पुढच्या वीस वर्षांत गोव्याचे वादक चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आले. चर्चच्या शाळेत गिरवलेली विद्या त्यांच्या बोटांत होती. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांनी चालींखाली मेळ मांडले. सी. रामचंद्रांच्या १९५१ च्या ‘अलबेला’त चिक चॉकलेट हे गोव्याचे ट्रंपेटवादक होते, त्यातली गाणी महाराष्ट्रातल्या लहानथोरांनी तोंडपाठ केली. तेव्हा चाल मराठी माणसाची आणि खालची जमीन सरकणारी, असा संसार आमच्या कानांनी कधीच मान्य केला आहे. कुंडलिकेच्या मुखातून जे वर आले नाही, ते गोव्याहून मुंबईला जाऊन रेडिओवरून रोह्याला पोचले.

म्हणून नातीला मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. कोळीगीत घे, शाळेतले समूहगीत घे, शुद्ध स्वरांतले एखादे भावगीत घे. तुझा फेर त्यांच्याखाली खुशाल धर. चाल जेथे विसावते तेथे सा-मेळ, जेथे ती घराकडे वळू पाहते तेथे प-मेळ, हे कानच सांगेल. यमनातले पद असेल तर मात्र सावध राहा. यमनाचा म तीव्र, तुझ्या म-मेळातला आणि प-मेळातला म शुद्ध. दोघे एका खोलीत नांदणार नाहीत. आणि भैरवाच्या वाटेला या चार आकृत्या घेऊन जाऊच नकोस. तेथे रे कोमल, ध कोमल; तेथे एक तंबोरा पुरे.

तिने ते ऐकले आणि एक युक्ती स्वतःच काढली. संध्याकाळी आम्ही पेटी आणि युकुलेले घेऊन बसलो. गाण्याच्या आधी मी पेटीवर पांढरी एक नुसती धरून ठेवली, आणि ती सा च्या तारेवर एकटीच वाजवत राहिली, मिनिटभर तरी. मी विचारले, “फेर केव्हा धरणार?” ती म्हणाली, “थांबा आजोबा. आधी घर कुठे आहे ते नीट ऐकू द्या, मग बाहेर पडते.” नव्याने शिकणाऱ्याला यापेक्षा चांगला पहिला धडा मला तरी सांगता आला नसता. या दिवाळीत कोणाच्या घरी अशी चार तारांची देणगी आली असेल, तर तिच्या शेजारी घरची पेटी आवर्जून उघडून ठेवावी.